डाख लावलेली स्मरणशक्ती

साध्या माणसाची स्मरणशक्ती कमी असली तर त्याला आपण विसरभोळा म्हणतो. प्राध्यापकाची कमी असली तर त्याला विद्वान म्हणतो, आणि पुढाऱ्याची कमी असली तर त्याला पुन्हा निवडून देतो. पण लॅपटॉपची स्मरणशक्ती कमी असली, तर त्याच्या बटणांखाली सप्तरंगी दिवे लावून त्याला 'गेमिंग लॅपटॉप' म्हणायचं आणि वर पंचावन्न हजार रुपये घ्यायचे, ही रीत कुणी पाडली त्याचा मी शोध घेतो आहे. सापडला तर त्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीला बोलावीन, आणि छत्री न देता मांडवीच्या जेटीवर उभा करीन.

आम्हां रत्नागिरीकरांना या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे. स्मरणशक्ती हा आमचा वडिलोपार्जित धंदा. पणजोबांनी लावलेल्या कलमाची फांदी चुलत घराण्याच्या हद्दीत कोणत्या साली वाकली, हे आमच्याकडे नातवाला तिथीवार ठाऊक असतं. मूळ वादी गेला, प्रतिवादी गेला, दोघांचे वकील गेले, खुद्द ते कलमही वठलं. पण पुढच्या तारखेला कोण काय म्हणाला होता ते घरातल्या सर्वांना तोंडपाठ. १८२८ साली स्थापन झालेलं नगर वाचनालय आमच्या गावात आहे. एवढी जुनी आठवण बाळगणाऱ्या गावात येऊन कुणी 'आठ जीबी पुष्कळ झाली' असं सांगायला लागला, तर आम्ही ते ऐकून का घ्यावं?

आता या 'गेमिंग' नावाच्या चिकटपट्टीबद्दल. चिकटपट्टी हा प्रकार रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल महिन्यात पुण्या-मुंबईच्या रस्त्यारस्त्यांवर 'रत्नागिरी हापूस' असं छापलेल्या पेट्यांच्या उतरंडी लागतात. त्यातल्या पुष्कळ आंब्यांनी रत्नागिरी नकाशातसुद्धा पाहिलेली नसते. ते कर्नाटकातून थेट आलेले असतात. वरून पिवळा, आतून पांढरा, आणि वासाच्या नावानं गवताचा वास. शेवटी २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा निदान कागदावर तरी असल आणि नक्कल वेगळी झाली. आंब्याला जे मिळालं ते लॅपटॉपला मिळालेलं नाही. 'गेमिंग' हा शब्द कुणीही, कशावरही चिकटवावा. मी गेमिंग खुर्ची पाहिली आहे, गेमिंग चष्मा पाहिला आहे. उद्या गेमिंग पाट आणि गेमिंग चौरंग निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

पण मुळात ही मेमरी, म्हणजे रॅम, करते काय? दुकानदाराला विचारलंत तर तो म्हणतो, "साहेब, जितकी जास्त तितकं फास्ट." हे म्हणजे डॉक्टरला रक्तदाब म्हणजे काय विचारावं आणि त्यानं "जितका कमी तितका बरा" म्हणावं, तसं झालं. मी आपल्या परीनं सांगतो.

गणपतीचे दिवस आहेत असं समजा. घरात पन्नास पानं. आचारी आला आहे. हा तुमचा प्रोसेसर. हात असा चालतो की बघत राहावं. त्याच्यासमोर ओटा आहे. ही तुमची रॅम. जे जिन्नस ओट्यावर आहेत ते हात लांबवला की मिळाले. आणि वर माळा आहे. ही तुमची डिस्क. माळ्यावर सगळं आहे. वर्षाचे तांदूळ आहेत, पितळेची पातेली आहेत, कुणी तरी १९७४ साली ठेवलेला फुटका पेट्रोमॅक्ससुद्धा आहे. पण माळ्यावरचं हवं असेल तर शिडी लावायची, वर चढायचं, चाचपडायचं आणि खाली यायचं. ओटा प्रशस्त असला तर आचारी सकाळीच सगळं खाली काढून मांडतो आणि पंगत झोकात उठते. ओटा लहान असला, की मोदकांचं सारण ठेवायला जागा हवी म्हणून आमटी माळ्यावर, आमटीची वाढप आली की आमटी खाली आणि सारण वर. आचाऱ्याचा हात चालत नाही, पाय चालतात. पंगतीतला पाहुणा पानावर बसून भिंतीवरच्या पूर्वजांचे फोटो बघतो.

ही जी वर-खाली अदलाबदल, तिला संगणकाच्या भाषेत 'स्वॅपिंग' म्हणतात. इतिहासात याचं रत्नागिरीइतकं उत्तम उदाहरण दुसऱ्या गावाला नाही. इंग्रजांनी मंडालेचा थिबा राजा आणून रत्नागिरीत ठेवला, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना नेऊन मंडालेत ठेवलं. साम्राज्याला जागा कमी पडली की असंच होतं. त्यात वेळ किती जातो तेही पाहा. थिबा १८८६ साली इथं आला आणि १९१६ साली इथंच वारला. परत जाण्याचा त्याचा नंबर लागलाच नाही.

थट्टा सोडा, आकडे बघा. मेमरीतून एखादी गोष्ट उचलायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. हे आपल्याला कळत नाही, कारण आपलं आयुष्य एसटीच्या वेळापत्रकावर बेतलेलं. म्हणून असं धरू, की ओट्यावरचं मीठ उचलायला एक सेकंद लागतो. त्या हिशेबानं आजकालच्या एसएसडी नावाच्या चपळ माळ्यावरून तेच मीठ आणायला सुमारे सतरा मिनिटं लागतात. आणि जुन्या गरगर फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या माळ्यावरून आणायला एक दिवस आणि वर जवळजवळ चार तास. आमटीत मीठ पडेपर्यंत पाहुणे घरी जाऊन, झोपून, उठून, दुसऱ्या दिवशीच्या आरतीला परत आलेले असतात.

इतर कामांत हे खपून जातं. तुम्ही पत्र टाइप करताना यंत्र अर्धा सेकंद थबकलं तर तुम्हीही तेवढ्यात नाक खाजवून घेता. पण गेम म्हणजे सेकंदाला साठ चित्रं. एका चित्राला मिळतात सोळा-सतरा मिलिसेकंद. तेवढ्यात झाड, झाडाची सावली, शत्रू, शत्रूची बंदूक आणि बंदुकीचा धूर सगळं तयार पाहिजे. त्यातली एक वस्तू जरी माळ्यावर राहिली तरी चित्र अडतं. आणि अडतं तेही नेमकं वळणावर, कारण वळण घेतल्यावरच पुढचा रस्ता माळ्यावरून काढायचा असतो! दुकानात दाखवतात तो आकडा सरासरीचा. सरासरी उत्तम येते. भाट्याच्या खाडीची सरासरी खोलीही काही भयंकर नसेल, म्हणून कुणी नेसत्या वस्त्रानिशी चालत पलीकडे जात नाही.

हे सगळं ज्ञान मला माझ्या भाच्यामुळे प्राप्त झालं. हा तंत्रनिकेतनात शिकतो. भावोजींनी अठरा हप्त्यांवर त्याला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानाचं नाव मी सांगत नाही; सांगितलं तर त्याची जाहिरात व्हायची. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "गेमिंग आहे, पाच वर्षं बघायला नको." ते मात्र खरं झालं. आठव्या दिवसापासून त्याच्याकडे बघवेनासं झालं. मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला की मोटार सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी धावे आणि वळण आलं की हातखंब्याच्या फाट्यावर एसटी थांबावी तशी थांबे. तेवढ्यात मागच्या सगळ्या गाड्या पुढे.

घरात निदानं सुरू झाली. भावोजी म्हणाले व्होल्टेज कमी आहे. ताई म्हणाली यंत्र तापतं, त्याखाली ओला रुमाल ठेव. (ठेवला नाही हे नशीब.) शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "व्हायरस." गुरुजी हा शब्द २००० सालापासून वापरत आलेले आहेत, आणि पोट बिघडण्यापासून कॅलेंडर पडण्यापर्यंत तो कुठंही चालतो. आजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि या सगळ्यांचा मिळून एक निष्कर्ष असा निघाला, की पोरानंच काही तरी बिघडवलं असणार. वस्तू नवी, बिल खरं, दुकानदार सज्जन. मग उरलं कोण?

ही गोष्ट मला सर्वांत झोंबली. वस्तूत खोट आणि बोल मुलाला.

मी टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. खोक्यावर आठ जीबी. आत वापरायला ७.४. उरलेली कुठं गेली? तर या यंत्रात चित्रं काढणाऱ्या चिपला स्वतःची मेमरीच नव्हती. ती प्रोसेसरच्या बिऱ्हाडातच राहायला होती, आणि आल्याबरोबर तिनं माजघरातली एक बाजू पडदा लावून अडवली होती. गेम सुरू झाला की तिचे पाय आणखी पसरतात; निम्म्यापर्यंत जागा मागायची तिला मुभा असते. विंडोज आणि त्याच्या आश्रितांनी साडेतीन जीबी खाल्ली होती. अकरा टॅब उघडे असलेल्या ब्राउझरनं दीड. गप्पा मारण्याचं एक ॲप होतं, त्याच्या पोटात आणखी एक अख्खा ब्राउझर! हल्ली पुष्कळ ॲपं अशीच बांधतात म्हणे. शेजारी निरोप सांगायला जाताना माणसानं चूल, पाटा-वरवंटा आणि गादी पाठीवर बांधून निघावं, तसं. राहता राहिली दोन जीबी आणि थोडी चिल्लर, आणि गेमला हवी होती सहा. पंगतीत वीस पानांची जागा, पाहुणे पन्नास, आणि दोष वाढप्याला.

म्हणून माझं म्हणणं असं, की आठ जीबी हा 'सुपर बिल्ट-अप एरिया' आहे. हा शब्द मध्यमवर्गीय वाचकाच्या काळजावर कोरलेला असेल. नऊशे चौरस फुटांचे पैसे भरून ज्यानं सहाशे फुटांत पलंग वाकडा लावला, त्याला मी काय सांगू? जिना आपला, लिफ्ट आपली, गच्चीवरच्या टाकीची सावलीसुद्धा आपल्या फुटांत धरलेली. शेवटी २०१६ साली रेराचा कायदा झाला, २०१७ साली महारेरा आलं, आणि कार्पेट एरिया सांगणं बिल्डरला भाग पडलं. लॅपटॉपलाही तसाच नियम हवा. 'एकूण आठ, विंडोजचा जिना, चित्र-चिपची बाल्कनी वजा जाता आपल्या संसाराला साडेतीन', असं खोक्यावर ठसठशीत छापा. मग लावा काय सप्तरंगी दिवे लावायचे ते.

'आठ पुरेशी आहे' म्हणणारे लोक कमी नाहीत आणि लहानही नाहीत. २०२३ साली ॲपल कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यानं आपली आठ ही इतरांच्या सोळाच्या तोडीची आहे असा दावा केला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीनं आपल्या मॅकबुकची किमान मेमरी सोळा केली. तोडीची होती तर मोडीत का काढली, हे विचारायला मी कॅलिफोर्नियाला जाणार नाही. पण आमच्या कोर्टात हा मुद्दा कुणाही वकिलानं सोडला नसता.

गेमवाल्यांची भूकही वाढलीच आहे, ते मी नाकारत नाही. २०१५ साली संगणकावर आलेल्या 'जीटीए ५' ला किमान चार जीबी लागत, आठ असल्या तर उत्तम. २०२३ च्या 'हॉगवर्ट्स लेगसी' नं किमान सोळा मागितल्या, २०२४ च्या 'ब्लॅक मिथ: वुकाँग' नंही किमान सोळा. किमान मागणी नऊ वर्षांत चौपट. पण मागणी चौपट झाल्याचं गेमवाले निदान लिहून तरी देतात. लॅपटॉपवाल्यांचं 'गेमिंग' मात्र आठावरच ठाण मांडून. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात किमान सोळा केबी मेमरी असे. पण त्यावर 'रणधुरंधर' असं लिहिलेलं नव्हतं.

यावर जाणते म्हणतील, मग मेमरी वाढवा की! इथं कोकण रेल्वेची गोष्ट सांगतो. २६ जानेवारी १९९८ ला सातशे चाळीस किलोमीटरची ही रेल्वे संपूर्ण खुली झाली. डोंगर फोडले, पूल बांधले, देखणी रेल्वे केली, पण एकेरी. त्यामुळे गाडी कितीही वेगवान असो, समोरून दुसरी येणार म्हटली की एखाद्या ओसाड स्टेशनावर क्रॉसिंगला उभी. इंजिन तेच, ड्रायव्हर तोच, भजीवाल्याची मात्र चंगळ. २०२१ साली रोहा ते वीर हा सेहेचाळीस किलोमीटरचा तुकडा दुहेरी झाला. मेमरीचंही असंच असतं. पुष्कळ लॅपटॉपांत आठ जीबीची एकच पट्टी लावलेली असते. म्हणजे एकेरी मार्ग. ३२०० जातीच्या डीडीआर-४ पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माल जातो. शेजारच्या खाचेत तशीच दुसरी पट्टी बसवली की ५१.२. जागा दुप्पट, मार्ग दुहेरी, आणि ज्या चित्र-चिपला स्वतःची मेमरी नाही तिला तर पंख फुटतात. कमी खर्चात लॅपटॉपचं आयुष्य तीन-चार वर्षांनी वाढवणारा याहून सरळ उपाय मला तरी ठाऊक नाही.

पण त्यासाठी खाच हवी. भाच्याचा लॅपटॉप घेऊन आम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं मागचे दहा स्क्रू काढले, आत पाहिलं आणि एखादा गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "काका, ह्यात काय करता येत नाय. डाखलेली हाय."

डाख! हा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकला. लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा. फुटक्या भांड्याला तो डाख लावून द्यायचा आणि आई ते भांडं आणखी दहा वर्षं वापरायची. म्हणजे आमच्या काळी डाख ही वस्तू टिकवण्याची विद्या होती. आता बघा प्रगती. मेमरीच्या चिपा मूळ पाटीलाच डाखून टाकायच्या, की त्या वाढवता येऊ नयेत, बदलता येऊ नयेत, आणि वस्तू टिकू नये.

रत्नागिरीच्या हवेत तर हा शुद्ध अत्याचार आहे. इथं समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. दाराच्या कड्या गंजतात, पापड सादळतात, लग्नात घेतलेल्या सुटाला आषाढात बुरशी येते. मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवरही मळ चढतो आणि एक दिवस यंत्र नुसतं पीप-पीप करतं. मग आमचा दुरुस्तीवाला काय करतो? पट्टी काढतो, खिशातून शाळकरी खोडरबर काढतो, दात घासतो, फुंकर मारून पट्टी परत बसवतो आणि यंत्र चालू! पाच रुपयांच्या खोडरबरात मी संगणक उठून बसलेले पाहिले आहेत. डाखलेल्या मेमरीला खोडरबर लावणार कुठं? तिच्यातली एक चिप गेली की अख्खी मूळ पाटी बदला. आणि तिची किंमत ऐकली की गिऱ्हाईकच पीप-पीप करायला लागतं.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, डाखल्यानं लॅपटॉप पातळ होतो, वीज कमी लागते, आणि मेमरी प्रोसेसरच्या जवळ बसल्यानं वेग मिळतो. यातलं शेवटचं दोन्ही खरं आहे. कमी विजेवर चालणारी एलपीडीडीआर जातीची मेमरी जुन्या पद्धतीच्या खाचेत नीट चालत नाही. चिप आणि प्रोसेसर यांतली वाट लांबली की तिचा तोल जातो. हे शास्त्र मला मान्य. पण त्यावरही उपाय निघाला. २०२३ च्या डिसेंबरात मेमरीचे नियम ठरवणाऱ्या जेडेक संस्थेनं 'कॅम-२' नावाच्या नव्या पट्टीचं मानक जाहीर केलं. स्क्रूनं बसवायची, स्क्रूनं काढायची, आणि एलपीडीडीआरही तिच्यात नांदते. २०२४ साली लेनोव्हो कंपनीनं आपल्या एका लॅपटॉपमध्ये ती बसवून विकली. तेव्हा 'जमत नाही' हे उत्तर संपलं. उरलं 'करायचं नाही'. राहिला पातळपणा. लॅपटॉप पुठ्ठ्याएवढा पातळ आणि त्याचा चार्जर जांभ्या दगडाच्या चिऱ्याएवढा! खांद्यावरच्या पिशवीत दोन्ही बरोबरच जातात ना?

दुसरा आक्षेप गुरुजींचा. "मुळात गेम खेळायचेच कशाला?" हे गुरुजी पावसाळ्याचे चारही महिने पडवीत मेंढीकोट खेळतात. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हांला कुणी 'खास मेंढीकोटसाठी' म्हणून पत्त्यांचा जोड विकला, आणि उघडून पाहिलं तर त्यात एकोणचाळीसच पानं, तर तुम्ही काय कराल?" गुरुजी म्हणाले, "तंगडं मोडीन मेल्याचं." मग? पोरानं निदान तेवढं तरी केलेलं नाही.

गेम म्हणजे जुगार हा समजही आता सोडायला हवा. २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. २०२० साली 'राजी' नावाचा गेम जगभर गेला, आपल्या पुराणकथांच्या वळणाचा. तो पुण्यातल्या मंडळींनी तयार केला होता. गेम आधी कुणाला तरी बनवावा लागतो, आणि बनवायला खेळण्यापेक्षा जास्त मेमरी लागते. भाच्याला तेच करायचं आहे. तो संगणकावर रत्नदुर्ग उभा करतो आहे. तटबंदी झाली, भगवतीचं देऊळ झालं, तिन्ही बाजूंचा समुद्रही त्यानं हलता केला. आता दीपगृह बांधायला घेतलं, की तिसऱ्या मजल्यावर पडदा गोठतो आणि मेमरी अपुरी असल्याची पाटी येते. आज चौथा महिना. दीपगृहाला दिवा नाही, आणि बँकेचे हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला लख्ख.

कुणी म्हणेल, नवा घ्या. आमच्या गावात लॅपटॉप हा एका शिक्षणाला एकदाच घेतात. तो काही सदरा नव्हे. प्रोसेसर शाबूत, पडदा शाबूत, बटणं शाबूत, केवळ ओटा लहान म्हणून घर पाडायचं? आणि मेमरी म्हणजे काही स्वस्तातला माल राहिला असंही नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य गोदामांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि भाव असे चढले की सोनाराला न्यूनगंड यावा. डिसेंबरात मायक्रॉन या बड्या उत्पादकानं तर किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा मालच बंद करत असल्याचं जाहीर केलं. यंत्राला बुद्धी आणायला माणसांच्या यंत्रांची आठवण काढून नेली, आता बोला! अशा दिवसांत सोळाची पट्टी मागाहून, ऐपत होईल तेव्हा बसवायची सोय असणं ही चैन नव्हे. आपण नाही का, आधी खालचा मजला बांधतो आणि वरच्यासाठी सळया उघड्या ठेवतो? त्या सळयांवर कावळे बसतात, पण आशाही बसते.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती दुरुस्त करता येतो याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात ग्राहकदिनी सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ उघडलं. उघडलं ते छान केलं. पण संकेतस्थळ म्हणजे खाच नव्हे, त्यात पट्टी बसत नाही. खोक्यावर दोन ओळी सक्तीनं छापायला लावा. मेमरी डाखलेली की सुटी, आणि रिकाम्या खाचा किती. यात कुठल्याही कारखान्याचं दिवाळं निघत नाही. ज्याला पातळ, डाखलेला, आठाचा लॅपटॉप हवा त्यानं तो जाणूनबुजून खुशाल घ्यावा. माझ्या मेहुण्यासारख्या माणसाला, ज्यानं आयुष्यात सगळ्यांत बारीक यंत्र म्हणून स्टोव्हची पिन हाताळली, त्याला हे दुकानातच कळावं एवढंच.

तोवर खरेदीला जाल तेव्हा कागदावर लिहून न्या. मेमरी किती हे तर विचाराच. पण एक पट्टी आहे की दोन, खाच रिकामी आहे का, जास्तीत जास्त किती बसेल, आणि चित्र-चिपची मेमरी स्वतःची की प्रोसेसरच्या जिवावर, हेही विचारा. उत्तरं बिलावर लिहून मागा. दुकानदार आधी हसेल, मग मालकाला हाक मारील, मालक कुणाला तरी फोन लावील, आणि फोनवरचा माणूस साहेबांना बॅग फुकट द्या म्हणून सांगेल. बॅग अवश्य उघडून बघा. तिला चार जादा कप्पे असतात.